पांढऱ्याचा हिशेब

कोल्हापुरात कुणीही "तांबडा-पांढरा" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मलाही सुटतं. पण सत्तावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढल्यामुळं माझ्या डोळ्यापुढं आधी दुसराच तांबडा-पांढरा येतो, काचपट्टीवर पसरलेला. त्यात तांबडा उदंड आणि पांढरा इतका मोजका, की वाढप्यानं हात आखडता घेतलाय असं वाटावं. सहाशे-सातशे तांबड्या पेशींमागं एखादी पांढरी.

त्या पांढरीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. निमित्त झालं भाच्याच्या गळवांचं. त्याला विचारूनच लिहितेय. "नाव घालू नको, बाकी काय बी लिही," म्हणाला.

भाचा म्हणजे आक्काचा थोरला. राधानगरीकडच्या गावातनं दहावीनंतर कोल्हापूरला आला तो सांगायला कॉलेजसाठी, खरा तालमीसाठी. पहाटे चारला उठायचं, जोर-बैठका, मातीत लढत, थंडाई, झोप, संध्याकाळी परत तेच. रविवारी दुपारी माझ्याकडं जेवायला. गेल्या श्रावणातल्या एका रविवारी तो पाटावर बसला तो एका अंगावर कलून.

"काय झालं रे?"

"काय न्हाई."

"मग असा का बसलायस, मोटारसायकलवर वळण घेतल्यासारखा?"

तो लाजला. सासूबाई देवघरातनंच म्हणाल्या, "गळू असंल. बसवंना झालंय पोराला."

अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य म्हणतात, तशी गत. इथं जावयाच्या जागी मावशी, एवढाच फरक. वर्षभरातलं ते चौथं गळू होतं. पहिलं शिमग्यात मानेवर उठलं. दुसरं काखेत. मग मांडीला, आणि आता हे. दोनदा डॉक्टरकडं जाऊन आला होता. दोन्ही वेळा न चिरता, न तपासता पाच-पाच दिवसांच्या गोळ्या हातात पडल्या, गळू दबलं आणि महिन्यानं दुसरीकडं तोंड काढलं.

आपल्याकडं या एका दुखण्याला नावं किती! करट, केसतूड, काखेतली ती काखमांजरी, पापणीवरची रांजणवाडी, पाठीवरची ती भयंकर काळपुळी. यातलं केसतूड मला सगळ्यात हुशार नाव वाटतं. बहुतेक गळवं केसाच्या मुळाशीच सुरू होतात. केस ज्या नळीतनं वर येतो तिच्यात जंतू शिरतो आणि आत घर करतो. ज्या कुणी बाईनं हे नाव पाडलं (बाईच असणार, पोटीस बांधायचं काम बायकांचं) तिच्याकडं सूक्ष्मदर्शक दुर्बीण नव्हती, पण फोडाच्या मधोमध केस असतो हे तिनं नीट बघितलं होतं.

तर निदानं सुरू झाली. सासूबाईंच्या मते आंब्याची उष्णता, आता श्रावणात बाहेर पडतेय. शेजारच्या काकींच्या मते रक्त नासलंय. वस्ताद त्याला रोज सकाळी कडूनिंबाचा पाला चावायला लावत होते. माझ्या नवऱ्यानं मोबाइलमध्ये बघून "इम्युनिटी डाऊन आहे" असं जाहीर केलं. आणि मी? मी लॅबवाली. मी त्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि रक्त काढलं.

आकडा आला १३,८००. पांढऱ्या पेशींचा नेहमीचा हिशेब घनमिलिमीटरला चार हजार ते अकरा हजार असा असतो, त्यामुळं मी जरा चरकले. दुसऱ्या दिवशी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना दाखवलं. त्यांनी रिपोर्टकडं न बघता विचारलं, "नमुना कधी घेतला?"

"परत तालमीत जाऊन आला होता, तेव्हा संध्याकाळी."

"म्हणजे कसरत करून. अगं, एवढी वर्षं झाली तुला, आणि पैलवानाचं रक्त घाम पुसायच्या आत काढतेस?"

मला माहीत होतं हो. पण माहीत असलेलं घरच्या माणसाच्या बाबतीत आठवत नाही. न्यूट्रोफिल ही पांढऱ्या पेशींतली सगळ्यात मोठी जात; आपल्या न्यूट्रोफिल पेशींपैकी जवळपास निम्म्या रक्ताबरोबर वाहत नसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीला धरून बसलेल्या असतात, कट्ट्यावर बसावं तशा. जोरदार कसरत केली की रक्ताचा वेग वाढतो आणि त्या भिंती सोडून प्रवाहात येतात. आकडा फुगतो, पेशी तेवढ्याच. आठवड्यानं गळू बसल्यावर सकाळी विश्रांतीच्या वेळी परत नमुना घेतला तर ७,२००. त्यात न्यूट्रोफिल साठ टक्के. पुस्तकात छापावा असा रिपोर्ट.

"नॉर्मल आहे की," मी मॅडमना म्हणाले. हे वाक्य मी नोकरीत किती हजार वेळा काउंटरवर म्हटलं असेल. रिपोर्ट हातात देताना समोरचा माणूस तोंडाकडं बघत असतो, आपण म्हणतो काउंट नॉर्मल आहे, तो सुटकेचा श्वास टाकतो. मॅडम म्हणाल्या, "तालमीत पोरं किती?"

"बावीस."

"बावीस आहेत हे तू मोजलंस. त्यातली लढणारी किती?"

मी लॅबमध्ये लागले तेव्हा मशीन नव्हतं. काचेच्या नळीत खुणेपर्यंत रक्त तोंडानं ओढायचं (आज असं कुणी करताना दिसलं तर मी त्याला लॅबबाहेर काढीन), मग पातळ ॲसिटिक ॲसिड ओढायचं. ॲसिड लागलं की तांबड्या पेशी विरघळून जातात, पांढऱ्या तेवढ्या तग धरतात. वीस पट पातळ केलेलं ते रक्त रेघा आखलेल्या काचेत सोडायचं, चार कोपऱ्यांतल्या पेशी मोजायच्या, आलेल्या आकड्याला पन्नासनं गुणायचं. १४४ भरल्या की ७,२००. मग दुसऱ्या काचपट्टीवर रक्ताचा थेंब ओढून त्याची शेपटी करायची, वाळवायची, लीशमनच्या रंगात भिजवायची, धुवायची, तेलाचा थेंब टाकायचा आणि शंभर पेशींची जातवार खानेसुमारी करायची. न्यूट्रोफिल लगेच ओळखू येतं. पोटात बारीक गुलाबी-जांभळे दाणे आणि मधलं केंद्रक एकसंध नसतं, तीन-चार गाठी दोऱ्यानं जोडल्यासारखं असतं. लॅबमध्ये आम्ही त्याला नुसतं "पॉली" म्हणतो. मोजणीच्या डबीची कळ दाबत जायचं, पॉली, पॉली, लिम्फो, पॉली, शंभर भरले की घंटी वाजते.

माझ्या आयुष्यात ती घंटी किती वेळा वाजली याचा हिशेब नाही. आणि त्या सगळ्या पेशी मेलेल्या होत्या. रंगात बुडवून काचेला चिकटवलेल्या. त्या जिवंतपणी काय करतात हे मी डीएमएलटीच्या, म्हणजे लॅबच्या पदविकेच्या, पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेपुरतं लिहिलं होतं.

त्या रात्री मी पुस्तकं काढून बसले. पुढच्या रविवारी भाच्याला सगळं सांगितलं, कारण गळू त्याचं होतं आणि प्रश्न त्याला पडले होते. रंगवून सांगायची हौस मला आहेच.

हाडांच्या मगजात आपण रोज साधारण दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करतो. रोज. रक्तात आल्यावर त्यांचं आयुष्य काही तासांचं, फार तर दिवसभराचं. जंतूनं केसाच्या मुळात घर केलं की तिथल्या पेशी रसायनांतून हाक घालतात, शिवाय जंतूच्या प्रथिनांचा एक खास वास असतो, तोही न्यूट्रोफिलला कळतो. तो रक्तवाहिनीच्या भिंतीशी येतो, आधी नुसता गडगडत राहतो, मग चिकटतो, मग स्वतःला चपटा करून भिंतीतल्या फटीतनं बाहेर निसटतो. तिथनं वासाच्या दिशेनं सरपटत जातो.

"म्हंजे सलामी, खडाखडी, मग पट काढायचा," भाचा म्हणाला. भाकरी हातात तशीच.

पकड मात्र सोपी नाही. जंतू निसरडा असतो. १९०३ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अल्मरोथ राइट आणि स्ट्युअर्ट डग्लस यांनी दाखवलं की रक्तातल्या पाण्यात काही पदार्थ असतात, ते जंतूला माखले की मगच पांढरी पेशी त्याला नीट गिळते. राइटनं त्यांना नाव दिलं ऑप्सोनिन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जेवण तयार करणं, जेवणाला चव आणणं असा. हे वाचून मी हसत सुटले, कारण हे कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. चटणी नसेल तर घास उतरत नाही! (बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला.) याच राइटच्या हाताखाली अलेक्झांडर फ्लेमिंग काम करत होता. पेनिसिलिन सापडायच्या कितीतरी आधी तिथं वारंवार गळवं येणाऱ्यांना त्यांच्याच पुवातल्या मेलेल्या जंतूंची लस टोचत. लोक रांगा लावत. फायदा किती झाला हा वेगळा विषय, पण गळू हे पांढऱ्या पेशींच्या कामाशी जोडून बघायला हवं ही दिशा तिथनंच रुळली.

मूळ कल्पना त्याच्याही आधीची. १८८२ साली इल्या मेचनिकोव्ह हा रशियन शास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेसिनात राहत होता. घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली, हा एकटा दुर्बिणीपाशी. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळीत त्यानं बागेतला काटा टोचून ठेवला. सकाळी बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा. पायात काटा मोडला की तिथं पू होतो, हे आपल्या प्रत्येकाला ठाऊक. तो पू कुणाचा हा प्रश्न त्याला पडला, आणि १९०८ साली नोबेल मिळालं.

गिळल्यानंतरचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. जंतू पोटात गेला की न्यूट्रोफिल एकदम धापा टाकल्यासारखा प्राणवायू ओढू लागतो. स्वतःसाठी नाही. एक एन्झाइम त्या प्राणवायूपासून आधी सुपरऑक्साइड करतं, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि दुसरं एक एन्झाइम पेरॉक्साइड आणि क्षार मिळून हायपोक्लोरस ॲसिड बनवतं. म्हणजे ब्लीच. आमच्या टेबलाखाली निळी बादली असते, वापरलेल्या टिपा आणि काचपट्ट्या तिच्यात टाकायच्या. तिच्यात हायपोक्लोराइट असतं आणि रोज सकाळी ते मीच ओतते. महापूर ओसरला की पंचगंगाकाठच्या विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतात, तिचंही काम त्याच क्लोरीनवर चालतं. तेच औषध एक सूक्ष्म पेशी स्वतःच्या पोटात तयार करते आणि स्वतःही त्यात मरते. ते दुसरं एन्झाइम रंगानं हिरवं असतं. पुवाला जी हिरवट झाक असते ती त्याची.

"म्हंजे पू म्हंजे घाण न्हवं?" भाच्यानं विचारलं.

"घाण कसली. ढिगानं मेलेले पॉली आहेत ते."

सासूबाईंनी ताटातला हात थांबवला. "जेवताना तरी गप्प बसा गं बाई."

उलट बाजूचा गडीही कच्चा नाही. १८८० मध्ये ॲबर्डीनचा सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यानं गळवाच्या पुवात गोल दाण्यांचे घोस बघितले आणि पुढं त्यांना स्टॅफिलोकोकस म्हटलं, द्राक्षाच्या घडावरून. तासगावच्या बागेत पिकलेला घड बघितला असेल त्यानं ग्रॅमच्या (जंतू ओळखायच्या) रंगातला हा जंतू ओळखलाच समजा. गळवं करणारा तो स्टॅफिलोकोकस ऑरियस, म्हणजे सोनेरी. जंतू वाढवायच्या आगरच्या प्लेटवर त्याचे ठिपके आमच्या पिवळ्या गुळाच्या रंगाचे दिसतात. मी वर्षानुवर्षं तो रंग नुसती ओळखीची खूण म्हणून बघत होते. आता कळलंय की तो रंग म्हणजे चिलखत आहे. गाजराच्या रंगाच्या कुळातलं ते द्रव्य पांढऱ्या पेशीच्या त्या ब्लीचची धार बोथट करतं. शिवाय तो पेरॉक्साइडचं पाणी करून टाकणारं एन्झाइम बाळगतो, आजूबाजूचं रक्त गोठवून त्याची भिंत उभी करतो, पांढऱ्या पेशींना भोकं पाडणारी विषं सोडतो. आणि चटणीचं म्हणाल तर आपली अँटिबॉडी, म्हणजे जंतूला माखणारं प्रथिन, तो उलट्या टोकानं धरून ठेवतो, म्हणजे माखलेली दिसते पण चव लागत नाही. इतका बिलंदर प्रतिस्पर्धी असल्यावर एखादी कुस्ती लांबणारच.

तरी मॅडमचा प्रश्न उरतोच. लढणारे किती? पेशींच्या कामातच खोट असलेली माणसं असतात. काहींच्या पेशी गिळतात पण ते ब्लीच बनवू शकत नाहीत. हा आजार बहुतेक मुलग्यांत, लहानपणापासून दिसतो, आणि गळवं नुसत्या कातडीवर थांबत नाहीत, फुप्फुसात, यकृतात, गाठींत होतात. त्याची जुनी तपासणी फार देखणी आहे. पेशींना एक पिवळा रंग पाजायचा. पेशी कामाची असेल तर तो पिवळा तिच्या पोटात गर्द निळा होतो. नसेल तर पिवळा तो पिवळाच. काहींच्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटूच शकत नाहीत. रक्तात आकडा भरमसाठ आणि जखमेत पुवाचा थेंब नाही. आणखी एका आजाराला १९६६ साली बायबलमधल्या ईयोबाचं नाव दिलं गेलं, ज्याला टाळूपासून तळव्यापर्यंत गळवं उठली होती. त्यातली गळवं थंड असतात. लाली नाही, हाताला ऊन लागत नाही, ठणका नाही.

मला वाटलं आता नमुना मुंबईला पाठवायचा. मॅडम म्हणाल्या, "पाठवू की, लागला तर. आधी तुझ्या बहिणीला फोन लाव." आणि त्यांनी चिठ्ठीवर चार प्रश्न लिहून दिले.

आक्का शेतात होती. मी विचारलं, "अगं, याची नाळ कवा गळली होती?"

"आँ?"

"बेंबीची नाळ. बाळंतपणानंतर कितव्या दिवशी पडली?"

"आठव्या न्हाईतर नवव्या. बारशाच्या आधी पडलीच होती. आईनं धान्यात ठेवली न्हवं का. का गं?"

"दुधाचे दात वेळेवर पडले?"

"सातव्या वर्षी पुढचं दोन गेलं, शाळेत सगळी बोळका म्हणायची. झालंय काय माझ्या लेकराला?"

"कधी न्युमोनिया? अंगावर सारखं खरूज-इसब?"

"काय न्हाई गं. गोठ्यात लोळून मोठा झालाय तो. तुला काय सापडलंय काय रिपोर्टात? खरं सांग."

तिला समजवायला वीस मिनिटं लागली. भिंतीला न चिकटणाऱ्या पेशी असल्या की नाळ गळायला महिना उलटतो, कारण ती सुटी करायचं कामही याच पेशींचं. ईयोबाच्या आजारात दुधाचे दात पडायचं नावच घेत नाहीत. आठव्या-नवव्या दिवशी गळलेली नाळ आणि सातव्या वर्षीचं बोळकं, एवढ्या दोन गोष्टींनी हजारो रुपयांच्या तपासण्यांच्या शंका बऱ्याच मागं पडल्या. आणि त्याचा तो ठणका, ज्यानं पोराला पाटावर सरळ बसवेना, तोच पेशी वेळेवर पोचल्याची पावती होता.

साखर मात्र तपासली. उपाशीपोटी ९२. हा प्रश्न आमच्या घरात हळवा आहे. माझ्या आजोबांना पाठीवर काळपुळी झाली होती, मानेखाली, पेल्याच्या तोंडाएवढी, चाळणीसारखी पाच-सहा तोंडं पडलेली. गुळाच्या अडतीवर हयात गेलेली, साखर कधी कुणी तपासली नव्हती. रक्तातली साखर सतत चढती असली की पांढऱ्या पेशी हाकेला उशिरा जातात, नीट गिळत नाहीत, ब्लीचही कमी बनवतात. संख्या तीच, काम मंद. साखर आटोक्यात आली की कामही बरंचसं सुधारतं. चाळिशीनंतर ज्याला वरचेवर गळवं यायला लागतात त्यानं कडूनिंब जरूर खावा, पण आधी साखर बघावी, हे मी आता काउंटरवर आपणहून सांगते. आगाऊपणा वाटला तर वाटो.

मधे आक्कानं पाच किलो आवळा पाठवून दिला. कुणीतरी तिला सांगितलं होतं. गंमत म्हणजे त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पांढऱ्या पेशी क जीवनसत्त्व रक्तापेक्षा कितीतरी पटींनी जास्त साठवून ठेवतात. १९९६ साली इस्राएलमधल्या डॉक्टरांनी वारंवार गळवं येणाऱ्यांतल्या ज्यांच्या न्यूट्रोफिलचं काम मंद आढळलं त्यांना रोज क जीवनसत्त्व काही आठवडे देऊन बघितलं आणि बऱ्याच जणांना गुण आला. पण रुग्ण मूठभर होते, आणि तेही पेशी तपासून निवडलेले. तेवढ्यावरनं प्रत्येक गळवाला आवळा चोळणं म्हणजे आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार. आम्ही मोरावळा घातला. चांगला झाला.

मग गळवं येत का होती? मॅडमनी कापसाची काडी त्याच्या नाकपुडीत फिरवली आणि प्लेटवर ओढली. दुसऱ्या दिवशी गुळाच्या रंगाचे ठिपके.

दहातल्या तीनेक माणसांच्या नाकात हा जंतू सुखानं नांदत असतो. काही करत नाही. तिथनं बोटांवर येतो, बोटांवरनं मानेवर, काखेत, मांडीला. कातडी शाबूत असेल तर बिचारा बाहेरच राहतो. पैलवानाची कातडी शाबूत कुठनं असणार! लंगोटाचा काच, मातीनं आणि मॅटनं खरचटलेलं, मानेला रोज शंभरदा पडणारे हात. वारंवार गळवं येणाऱ्या बहुतेकांच्या पांढऱ्या पेशी चोख काम करत असतात. त्या बिचाऱ्या दर वेळी जिंकतात, आणि शत्रू दर वेळी नाकातनं नवा गडी पाठवतो.

मी तालमीत गेले. वस्तादांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, पण माझा रोख कळला तसे ताठ झाले. "मातीला नाव ठिवू नका, बाई. ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर पडतोय त्या मातीत."

"मातीला नाही ठेवत, वस्ताद. मला फक्त सांगा, बावीस पोरांना अंग पुसायचे पंचे किती?"

त्यांनी दोरीकडं बघितलं. मीही बघितलं. नऊ होते. त्यातले दोन ओले आणि एकावर एक. कोपऱ्यात आरशाखाली एक वस्तरा होता, तो कुणाचा हे कुणालाच सांगता येईना. वस्ताद बराच वेळ बोलले नाहीत. मग एका पोराला हाक मारून म्हणाले, "उद्यापासनं ज्याचा पंचा त्याचा. नाव घालून. आणि उघडं गळू घिऊन कोन हौद्यात उतरला तर बगा."

घरचा भाग अवघड होता. नाकात लावायचं मलम दिवसातनं दोनदा, पाच दिवस, आणि अंघोळीला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक, असं सगळ्यांनी एकदमच करायचं, कारण एकाच्या नाकातनं काढलेला जंतू दुसऱ्याच्या नाकातनं परत येतो. भाचा त्या आठवड्यात आमच्याकडंच राहिला. आक्काच्या घरी निरोप गेला. नवरा कुरकुरत तयार झाला. सासूबाई अडून बसल्या.

"गळू त्येला आणि मलम मला? मी साठ वर्षं तपकीर वडतो, कवा नाकाला काय झालं न्हाई."

"आई, पाचच दिवस. तपकीर पण बंद ठेवायची."

"मग मलम नकोच."

शेवटी नातवाच्या हट्टानं कबूल झाल्या. बहिणीचा असला तरी नातूच तो. रोज सकाळी तो त्यांच्यापुढं बसायचा, त्या मान वर करून डोळे घट्ट मिटायच्या, आणि हा शंभर किलोच्या गड्याला चितपट करणारा पोरगा करंगळीएवढ्या काडीवर मलमाचा मटारएवढा गोळा घेऊन श्वास रोखून बसायचा.

पाच महिने काही झालं नाही. मग पौषात एक गळू आलंच, दंडाला. या वेळी त्यानं दाबलं नाही, पोटिसाचा शेक घेतला, पिकल्यावर डॉक्टरकडं जाऊन चिरून घेतलं. पिकलेल्या गळवाचा खरा उपाय तोच, चिरा; आत कोंडलेल्या पुवात गोळ्यांचं औषध नीट पोचत नाही. पट्टी बांधून तो तडक लॅबमध्ये आला, हातात बंद बाटलीत पुवाची काडी. "मावशे, मला बगायचंय."

मी काचपट्टी ओढली, रंगवली, तेलाचा थेंब टाकला, फोकस लावून दिला. पैलवानाला दुर्बिणीत बघायला शिकवणं सोपं नाही, दोन्ही डोळे मिटतो. बराच वेळ त्याला नुसत्या पापण्याच दिसत होत्या. मग एकदम गप्प झाला.

"जांभळं जांभळं काय हाय?"

"पॉली. बघ, गाठीगाठीचं केंद्रक. फुटलेले, सुरकुतलेले आहेत ना, ते मेलेले."

"आनि ह्याच्या पोटात ठिपकं?"

मी त्याला बाजूला करून बघितलं. मधोमध एक पॉली होता, कडा विरलेल्या, केंद्रकाचा नुसता डाग उरलेला. आणि त्याच्या आत गर्द जांभळ्या दाण्यांचा एक छोटा घड, सहा किंवा सात दाणे.

"मेलाय न्हवं हा?"

"मेलाय."

"पर पकड सोडली न्हाई."

तो परत डोळा लावून बसला. बाहेर काउंटरवर कुणीतरी रिपोर्टसाठी घंटी वाजवत होतं. मी उठले. परत आले तेव्हा तो बेसिनपाशी कोपरापर्यंत हात धूत होता, आणि भिंतीवरच्या लॅबच्या टॉवेलकडं बघून, खांद्यावरचा स्वतःचा पंचा ओढत होता.